ओलावा ९.६ की १०.३? शेजारच्या देशात माल पाठवताना मानकं जुळवायची कशी

टेबलावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी पडले होते. गूळ पावडर तीच, बॅच तीच. कोल्हापुरातून निघताना केलेल्या तपासणीत ओलावा ९.६ टक्के, सीमेपलीकडच्या तपासणीत १०.३. मर्यादा १० टक्क्यांची. गाडी सीमेवर उभी, बाहेर पावसाळी हवा आणि फोनवर गुऱ्हाळवाला विचारत होता, "अहो, मग खोटं कोण बोलतंय?"

खोटं कुणीच बोलत नव्हतं. एका लॅबनं नमुना निर्वात ओव्हनमध्ये कमी तापमानाला वाळवला होता, दुसरीनं साध्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर. हे कळायला आम्हाला चार दिवस लागले आणि गाडी थांबल्याचे पैसे त्या चारही दिवसांचे गेले.

गूळ आणि कास्टिंग (फाउंड्रीत ओतलेले लोखंडी भाग), दोन्ही मालांची गुणवत्तेची कागदपत्रं करणं हे माझं काम. गुळाकडून शिकलेलं फाउंड्रीत उपयोगी पडतं आणि फाउंड्रीतलं गुळात. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान इथं माल पाठवणाऱ्या किंवा पाठवू पाहणाऱ्या कोल्हापूरकर लघुउद्योजकांसाठी, आणि त्यांच्या संघटनांसाठी, ही पद्धत क्रमानं लिहितो. पहिला भाग स्वतःचा माल अडू नये म्हणून आहे. दुसरा भाग नियमच जुळावेत यासाठी काय करता येतं, याचा. बहुतेक जण पहिल्या भागावरच थांबतात, म्हणून दरवर्षी त्याच सीमेवर तीच गाडी अडते.

आधी गाठ कुठली ते ओळखा

"त्यांचं स्टँडर्ड वेगळं आहे" असं आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात गाठी तीन असतात आणि त्या वेगवेगळ्या हातांनी सोडवाव्या लागतात.

पहिली, काय मोजायचं आणि मर्यादा किती. म्हणजे मानक. दुसरी, ते मोजायचं कसं. म्हणजे नमुना घेण्याची आणि चाचणीची पद्धत. तिसरी, मोजलेलं मानणार कोण. तुमच्या लॅबचा रिपोर्ट किंवा तुमच्या देशाचा शिक्का पलीकडचा अधिकारी स्वीकारतो का? सरकारी भाषेत याला अनुरूपता मूल्यांकन म्हणतात.

जुन्या माणसांना मण आठवत असेल. मण चाळीस शेरांचा हे सगळ्यांना मान्य, पण शेर बाजारागणिक वेगळा. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक मापं यायला लागली आणि पहिली गाठ सुटली. तरी काट्यावर सरकारी मोहोर आहे का, हा प्रश्न उरलाच. तो तिसऱ्या गाठीचा प्रश्न. माझ्या पाहण्यात पैसा सगळ्यात जास्त तिथंच जातो, कारण मर्यादा दोन्हीकडे सारखी असूनही माल पुन्हा तपासला जातो.

दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास आहे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापाराचा साफ्टा करार १ जानेवारी २००६ पासून लागू आहे, भारत आणि श्रीलंकेचा मुक्त व्यापार करार त्याआधीचा, १ मार्च २००० पासूनचा. जकात कमी झाली म्हणून गाडी लवकर सुटते असं नाही, हे या आकड्यातून दिसतं. कारणं इतरही आहेत, रस्ते आणि राजकारण धरून. पण लॅबच्या रिपोर्टची वाट पाहत उभी राहिलेली गाडी हे त्यातलं एक मोठं कारण आहे.

पायरी १: मालाचा कोड आणि त्यावर लागणारा कायदा

सुरुवात एचएस कोडपासून, म्हणजे जकातीसाठी मालाला दिलेल्या वर्गीकरण क्रमांकापासून. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे आकडे प्रत्येक देश आपले लावतो. सेंट्रिफ्यूज न केलेली उसाची साखर, म्हणजे आपला गूळ, साधारणपणे १७०१.१३ मध्ये बसते. मात्र त्या उपशीर्षकाला पोलरायझेशनची, म्हणजे सुक्रोज किती ते प्रकाशावरून दाखवणाऱ्या मापाची, अट आहे: ६९ अंश किंवा जास्त, पण ९३ पेक्षा कमी. पावडर करताना कुणी साखर मिसळली तर हा आकडा सरकतो, कोड बदलतो, आणि त्याबरोबर जकात आणि नियमही बदलतात. कोड ठरवताना कस्टम एजंटवर सगळं सोडू नका. आयातदाराकडून त्यांच्या बाजूचा पूर्ण कोड लेखी मागवा.

मग पाहायचं की त्या कोडवर तिकडे काय बंधनकारक आहे आणि काय ऐच्छिक. हा फरक फार महत्त्वाचा. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या टीबीटी (व्यापारातले तांत्रिक अडथळे) करारात दोन्हीला वेगळे शब्द आहेत. जे कायद्यानं पाळावंच लागतं ते तांत्रिक नियमन, आणि जे पाळलं तर चांगलं ते मानक. खाण्याच्या वस्तूंमध्ये आरोग्याशी संबंधित अटी त्याच संघटनेच्या एसपीएस या दुसऱ्या कराराखाली येतात. आपल्याकडे गुळाला आयएस १२९२३ हे भारतीय मानक आहे, पण बाजारात विकताना बांधून ठेवतात ते एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम.

कास्टिंगमध्ये उलटं घडतं. मॅनहोल कव्हरवर कायदा काही म्हणत नसेल, पण नगरपालिकेच्या निविदेत एखादं मानक लिहिलेलं असतं. मग ऐच्छिक मानकही तुमच्यासाठी बंधनकारक झालं. म्हणून निविदा हासुद्धा कायद्यासारखाच वाचायचा कागद.

विचारायचं कुणाला? नेपाळात औद्योगिक मालासाठी नेपाळ गुणस्तर तथा नापतौल विभाग, म्हणजे एनबीएसएम, त्यांची एनएस खूण आहे. खाद्यपदार्थांसाठी तिथला वेगळा खाद्य विभाग आहे. बांगलादेशात बीएसटीआय, श्रीलंकेत एसएलएसआय, भूतानमध्ये भूतान स्टँडर्ड्स ब्यूरो. बीएसटीआयकडे सक्तीच्या प्रमाणीकरणाची यादी आहे, एसएलएसआयकडे आयात तपासणीची यादी आहे. आपला माल यादीत आहे की नाही, एवढं एक उत्तर मिळालं तरी निम्मी धावपळ वाचते.

पायरी २: दोन्ही मानकं समोर ठेवून ओळीला ओळ लावा

इथं घाई केली की पुढं भोगावं लागतं. एक साधी एक्सेल शीट उघडा. रकाने असे: गुणधर्म, आपली मर्यादा, त्यांची मर्यादा, एकक आणि आधार, चाचणीपद्धत, आणि शेवटी "कडक कुणाचं". भारतीय मानकं बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पाहता आणि उतरवता येतात. पलीकडची प्रत आयातदाराला विकत घ्यायला सांगा. फोनवर "तुमच्यासारखंच आहे" असं कुणी म्हणालं तर ते ऐकून सोडून द्या.

उदाहरण म्हणून शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीचं मॅनहोल कव्हर घेऊ. आपल्या आयएस १७२६ मध्ये एलडी-२.५, एमडी-१०, एचडी-२० आणि ईएचडी-३५ असे वर्ग आहेत. आकडे टनांचे. परदेशी कर्जावरच्या कामांच्या निविदेत बहुधा युरोपीय ईएन १२४ लिहिलेलं असतं. तिथं ए१५, बी१२५, सी२५०, डी४००, ई६००, एफ९०० असे वर्ग, आकडे किलोन्यूटनचे. आपला विक्रीवाला सांगतो, "ईएचडी म्हणजे सगळ्यात जड, डी४०० ला चालतंय की." नाही चालत. ३५ टन म्हणजे साधारण ३४३ किलोन्यूटन, आणि डी४०० ला ४०० लागतात. एचडी-२० सुद्धा १९६ किलोन्यूटनच्या आसपास भरतं, म्हणजे बी१२५ च्या वर पण सी२५० च्या खाली. टनाचं किलोन्यूटन न केल्यामुळं आख्खी ऑर्डर परत येऊ शकते.

धातूच्या बाबतीत मात्र चित्र बरं आहे. आयएस २१० मधला एफजी २६० म्हणजे किमान २६० मेगापास्कल ताणशक्ती. युरोपीय ईएन-जीजेएल-२५० ला किमान २५० लागते. वेगळ्या ओतलेल्या ३० मिलीमीटर व्यासाच्या टेस्ट बारवर दोन्ही मोजले, तर आपला माल त्यांच्या अटीत बसतो. पण ग्राहकानं प्रत्यक्ष कास्टिंगमधून तुकडा कापून तपासायचं ठरवलं तर जाड भागात लोखंड हळू थंड झालेलं असतं आणि आकडा खाली येतो. तेव्हा टेस्ट बार कुठला, हे करारातच लिहून घ्या. भांडण नंतर करण्यापेक्षा आधी केलेलं स्वस्त.

एक खूण ओळखायला शिका. कुठल्याही देशाचं मानक आंतरराष्ट्रीय मानकावरून घेतलेलं असेल तर बहुतेकदा त्याच्या मुखपृष्ठावर किंवा प्रस्तावनेत तसं लिहिलेलं असतं. आयडीटी म्हणजे तंतोतंत तेच. एमओडी म्हणजे काही बदल करून घेतलेलं, आणि ते बदल आत सांगितलेले असतात. एनईक्यू म्हणजे नाव घेतलंय पण समकक्ष नाही. दोन्ही देशांनी एकच आयएसओ मानक आयडीटी घेतलं असेल तर तुमची पहिली गाठ सुटलेलीच आहे. शीट बंद करा आणि पुढच्या पायरीवर जा. एमओडी दिसलं तर फक्त बदलांची यादी वाचा, अख्खं पुस्तक नको.

पायरी ३: मोजायची पद्धत, आणि गूळ इथंच का अडकतो

आता सुरुवातीच्या त्या दोन रिपोर्टांकडे येतो.

गुळात सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. फ्रुक्टोज उष्णता सोसत नाही. १०५ अंशांवर ठेवलं की ते विघटित होऊ लागतं आणि त्यातून सुटणारं वजनही ओलावा म्हणून मोजलं जातं. म्हणून साखरेच्या पदार्थांसाठी निर्वात ओव्हनमध्ये ७० अंशांच्या आसपास वाळवणं योग्य मानतात. शिवाय गूळ हवेतलं पाणी ओढतो. नमुन्याची पिशवी नीट बंद नसेल आणि महिना आषाढाचा असेल, तर लॅबपर्यंत पोचेतो आकडा आपोआप वाढतो. आमच्या गाडीला दोन्ही कारणं लागली असावीत. पण नमुना नीट सीलबंद होता याचा कागद आमच्याकडे नव्हता, त्यामुळं दुसरं कारण सिद्धही करता आलं नाही आणि नाकारताही आलं नाही. तेव्हापासून मी नमुना बंद करतानाचा फोटो, पिशवीचं वजन आणि तारीख ठेवल्याशिवाय नमुना पाठवत नाही.

एफएसएसएआयच्या २०११ च्या मूळ नियमांत घट्ट गुळाच्या ओलाव्याला १० टक्क्यांची आणि सल्फर डायऑक्साइडला दहा लाखात ७० भागांची मर्यादा आहे. सुधारणा होत असतात, तेव्हा आजचा आकडा पाहूनच काम करा. पण आकड्यापेक्षा जास्त घोळ "कशावर आधारित" या दोन शब्दांत होतो. समजा रिपोर्टमध्ये सुक्रोज ७८ टक्के लिहिलंय आणि ओलावा ६ टक्के. हे आहे त्या अवस्थेतलं. कोरड्या वजनावर काढलं तर ७८ भागिले ०.९४, म्हणजे जवळपास ८३ टक्के. पलीकडच्या मानकात ८० टक्के किमान आणि आधार कोरडा असेल तर तुमचा माल पास आहे, पण रिपोर्ट वाचणारा कारकून ७८ पाहून शेरा मारतो. लॅबला दोन्ही आधारांवर आकडा द्यायला सांगा. फी तीच राहते.

तिसरी बारीक गोष्ट म्हणजे मापनातली अनिश्चितता. कुठलीही प्रामाणिक लॅब ९.८ म्हणते तेव्हा तिला ९.८ अधिक-उणे काहीतरी असं म्हणायचं असतं. समजा ते ०.४ आहे. मग खरा आकडा ९.४ पासून १०.२ पर्यंत कुठंही असू शकतो. पास म्हणायचं की नापास? प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार लॅबनं पास-नापास शेरा द्यायचा असेल तर निर्णयाचा नियम आधी ठरवून ग्राहकाला सांगावा लागतो. तुम्ही विचारलंत तर सांगतील. न विचारता कुणी सांगत नाही.

आणि आकडा पूर्ण करण्याचे नियम. आपल्याकडे त्यासाठीही आयएस २ नावाचं मानक आहे. मर्यादा "१०" अशी लिहिली असेल तर १०.३ हे १० होतं का? मर्यादेत दशांश किती जागांपर्यंत दिलाय त्यावर ते ठरतं. हसू येतं खरं, पण पैसे अडतात ते याच ठिकाणी.

म्हणून शीटमध्ये चाचणीपद्धतीच्या रकान्यात फक्त "ओव्हन" लिहू नका. पद्धतीचा क्रमांक, तापमान, वेळ, नमुना किती ग्रॅम, सगळं लिहा. आयातदाराबरोबरच्या करारात एक वाक्य टाका: वाद झाल्यास अमुक पद्धत निर्णायक. हे वाक्य कायदा बदलत नाही, पण आयातदार तुमच्या बाजूनं बोलायला लागतो.

पायरी ४: रिपोर्ट मानला जाईल अशी लॅब

लॅबच्या भिंतीवरचं एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, प्रमाणपत्र पाहून खूश होऊ नका. त्याला जोडलेली व्याप्तीची यादी मागा. त्या यादीत "गूळ, ओलावा, अमुक पद्धत" अशी ओळ असेल तरच तुमचा रिपोर्ट मान्यताप्राप्त. नसेल तर तो एक साधा कागद आहे, कितीही अचूक असला तरी. मुदतीची तारीखही पाहा. ही यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

एनएबीएल २००० सालापासून आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यतेच्या कराराचा सदस्य आहे. म्हणजे तत्त्वतः एकदा इथं तपासलेलं तिकडे पुन्हा तपासायची गरज नाही. तत्त्वतः. शेजारच्या देशाचा नियामक कायद्यानं आपल्याच लॅबचा रिपोर्ट मागत असेल तर त्या करारानं त्याच्यावर सक्ती होत नाही. गंमत अशी की बांगलादेशाच्या बीएसटीआयच्या काही प्रयोगशाळांना मान्यता आपल्या एनएबीएलनंच दिलेली आहे. दोन्ही लॅबचा परीक्षक एकच, तरी एकमेकांचा निकाल न मानण्याची वेळ येते. असं उदाहरण हाताशी ठेवा, पुढच्या भागात अर्ज लिहिताना उपयोगी पडतं.

श्रीलंकेसाठी निर्यात निरीक्षण परिषदेचा, म्हणजे ईआयसीचा रस्ता विचारात घ्या. काही वस्तूंसाठी तिची तपासणी प्रमाणपत्रं तिकडे स्वीकारली जातात. तुमची वस्तू त्या यादीत आहे का, ते परिषदेच्या मुंबईतल्या ईआयए कार्यालयाकडून लेखी घ्या.

एक नेहमीची चूक इथंच सांगतो. उत्पत्तीचं प्रमाणपत्र आणि गुणवत्तेचं प्रमाणपत्र वेगळं. पहिल्यानं जकात कमी होते, दुसऱ्यानं माल आत जातो. तसंच जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला. त्यानं नावाचं रक्षण होतं, ओलाव्याच्या मर्यादेतून सूट मिळत नाही.

पायरी ५: अडथळ्याची किंमत रुपयांत काढा

इथून दुसरा भाग. संघटनेच्या बैठकीत "फार त्रास होतो" असं सगळे म्हणतात आणि चहा पिऊन घरी जातात. त्रासाला आकडा हवा. समजा २० टनांची गाडी सहा दिवस थांबली, दिवसाला ४,००० रुपये, म्हणजे २४,०००. दुसऱ्यांदा तपासणीचे ९,०००. एकूण ३३,०००, किलोमागं १ रुपया ६५ पैसे. वर्षाला अशा बारा गाड्या म्हणजे ३,९६,०००. हे आकडे मी नमुन्यादाखल धरलेत, तुमचे तुम्ही पावत्यांवरून भरा. दहा जणांनी आपापल्या पावत्या एका फाइलमध्ये लावल्या की ती तक्रार राहत नाही, पुरावा होतो.

त्याच फाइलमध्ये मघाची शीट जोडा आणि प्रत्येक अडथळ्यासमोर गाठ १, २ की ३ ते लिहा. कारण दार त्यावरून ठरतं.

पायरी ६: योग्य दार ठोठवा

आपलंच मानक मागं पडलं असेल तर दार बीआयएसचं. १९४७ ला सुरू झालेल्या आयएसआयचं १९८७ मध्ये बीआयएस झालं. आता कारभार २०१६ च्या कायद्यानं चालतो. मानकं लिहितात ती विषयवार तांत्रिक समित्यांमधली माणसं, आणि त्यांत उद्योगाच्या प्रतिनिधींना जागा असते. आपल्याकडून तिथं कोण जातं, हे आपापल्या संघटनेच्या अध्यक्षांना विचारून पाहा. मानकाचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी मुदत देतात, ती बहुधा साठ दिवसांची असते. पुण्याच्या शाखेत चौकशी करता येते.

हरकत कशी लिहावी, हे सांगतो, कारण आपले लोक तिथं निबंध लिहितात. चार रकाने पुरतात: कलम क्रमांक, हरकत तांत्रिक की भाषेची, कारण, आणि सुचवलेला नेमका मजकूर. उदाहरणार्थ:

"कलम अमुक, ओलावा. तांत्रिक. १०५ अंशांच्या पद्धतीत फ्रुक्टोजच्या विघटनामुळे आकडा वाढून येतो, सोबत एकाच नमुन्याचे दोन्ही पद्धतींचे दहा रिपोर्ट जोडले आहेत. सुचवलेला मजकूर: निर्वात ओव्हन, ७० अंश, ही पद्धत वादाच्या प्रसंगी निर्णायक."

एवढंच. शेवटची ओळ नसेल तर समितीचा सचिव "नोंद घेतली" लिहून पुढं जातो, कारण त्याला मसुद्यात टाकायला काही मिळालेलंच नसतं. रिपोर्टांसाठी कोल्हापुरातलं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा यांना बरोबर घ्या. विज्ञानाचं पाठबळ इथं जवळच आहे.

पलीकडच्या देशाचा नवा नियम येत असेल तर रस्ता जागतिक व्यापार संघटनेचा. देश नवा तांत्रिक नियम करताना, आणि तो आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळत नसताना, संघटनेला आधी कळवतो आणि सूचनांसाठी साधारण साठ दिवस देतो. नियम प्रसिद्ध होणं आणि लागू होणं यात सहसा किमान सहा महिन्यांचं अंतर ठेवावं, असंही ठरलेलं आहे. या सूचना ईपिंग नावाच्या मोफत व्यवस्थेवर ईमेलनं मिळतात. देश आणि एचएस कोड निवडला की पुरे. टीबीटीसाठी भारताचं चौकशी केंद्र बीआयएसच आहे, तुमची हरकत त्यांच्यामार्फत जाते. मी आधी वर्तमानपत्रावर विसंबायचो. बातमी छापून येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असायची.

गाठ तिसरी असेल, तर उपाय सरकार-सरकारमधला. वाणिज्य मंत्रालय आणि अपेडा ही शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था, कारण गूळ अपेडाच्या यादीत आहे. मागणी मोघम नको. "मानकं एक करा" ऐवजी असं लिहा: "अमुक कोडच्या मालासाठी, या चार चाचण्यांपुरता, व्याप्तीत असलेल्या एनएबीएल लॅबचा रिपोर्ट स्वीकारावा आणि पुनर्तपासणी प्रत्येक गाडीऐवजी निवडक गाड्यांची करावी." छोटी मागणी अधिकाऱ्याला बैठकीच्या विषयपत्रिकेत टाकता येते.

सार्कचंही एक दार आहे, ते अर्धवट उघडं. सार्सो ही प्रादेशिक मानक संस्था ढाक्यात आहे. तिचा करार २००८ चा, तो अमलात आला २०११ मध्ये. साखर, बिस्किटं, गोणपाट अशा वस्तूंवर तिनं सामायिक मानकं केली. एकमेकांची प्रमाणपत्रं मानण्याचा करारही २०११ लाच झाला. पण सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेली नाही, आणि त्याची झळ या कामालाही बसते. सार्सोचं मानक असेल तर शीटमध्ये जरूर लावा. त्याच्या भरवशावर गाडी मात्र भरू नका. दोन देशांमधला छोटा करार आज जास्त कामाचा.

काय जुळवू नये

हा मुद्दा पायऱ्यांत बसत नाही, पण मला तो सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे.

सगळं एकसारखं करण्याच्या नादात मानकात रंग घुसतो. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा असतो. तो रंग यावा म्हणून काहिलीत हायड्रोस हे गंधकयुक्त विरंजक टाकतात आणि मग सल्फर डायऑक्साइडचा आकडा चढतो. भेंडीच्या चिकानं मळी काढणारा गुळव्या गडद गूळ काढतो, आणि मानकात रंगाची अट आली की त्याचा चांगला माल दुय्यम ठरतो. म्हणजे आरोग्यासाठी केलेलं मानकच रसायनाला आमंत्रण देणार. शिवाय रस, जमीन आणि आदण (काहिलीतला एक उकाळा) बदललं की रंग बदलतो. हरकत लिहायला बसलात तर मर्यादा धोक्याच्या गोष्टींवर मागा: गंधक, जड धातू, किडे-माती, ओलावा. रंग, आकार, ढेप की वडी, हे खरेदीदार आणि विकणारा पाहून घेतील.

चपलेचंही तसंच. युरोपीय संघात कातड्याच्या वस्तूंमध्ये षट्संयुजी क्रोमियमला किलोमागं ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, २०१५ पासून. आपली परंपरागत चप्पल वनस्पतिजन्य कमावणीच्या कातड्याची, तिच्यात क्रोमियम वापरलेलंच नसतं. तिथं कडक मर्यादा आपल्या फायद्याची. तेव्हा "मानक कडक म्हणजे वाईट" ही समजूतही सोडायला हवी. कोणती अट आपल्याला मारते आणि कोणती तारते, ते शीटच्या शेवटच्या रकान्यात दिसतं.

छोट्या गुऱ्हाळाला झेपेल अशा चाचण्यांची संख्याही पाहा. प्रत्येक आदणाची पूर्ण तपासणी मागणारं मानक कागदावर सुंदर आणि गुऱ्हाळावर अशक्य असतं. हंगामात एकदा जमीन-पाण्याशी निगडित धातूंची तपासणी, आणि प्रत्येक लॉटला फक्त ओलावा व गंधक, अशी विभागणी सुचवा.

आणि आपलं दार?

पलीकडे तक्रार घेऊन जाल तेव्हा ते आपली यादी काढतात. भारतानं गेल्या काही वर्षांत अनेक वस्तूंवर गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले. नेपाळ-भूतानच्या सिमेंटवाल्याला इथं विकायचं तर बीआयएसचा परवाना लागतो, त्यासाठी इथले अधिकारी त्याच्या कारखान्यात जाऊन तपासणी करतात. नेपाळचं आलं आणि चहा आपल्या लॅबच्या रिपोर्टसाठी सीमेवर ताटकळल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. आल्याची गाडी आणि आपली गुळाची गाडी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या असतात, असं समजा. संघटनेच्या अर्जात "आम्हीही तुमच्या मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट मानू" असं एक वाक्य घालायला सांगा. कोल्हापूरच्या गूळवाल्याला नेपाळी आल्याचं काय, असं कुणी विचारेल. आल्याची गाडी सुटली तरच गुळाच्या गाडीबद्दल बोलायला समोरचा बसतो.

त्या अडकलेल्या गाडीचं काय झालं, असं विचारतात. तिसऱ्या लॅबमध्ये, दोघांना मान्य पद्धतीनं, नव्यानं सील केलेला नमुना तपासला. ९.७ आला. माल सुटला. गुऱ्हाळवाल्यानं पुढच्या हंगामात पावडर वाळवायची वेळ वाढवली, आता तो माल साडेसात-आठ टक्क्यांवरच पाठवतो. दरम्यान ओलाव्याच्या पद्धतीवर आम्ही जोड रिपोर्ट जमवायला घेतले. एकाच नमुन्याचे, दोन्ही ओव्हनचे. आतापर्यंत सहा झालेत, आणखी चार हवेत. ज्यांच्या गुऱ्हाळाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो, त्यांनी पहिल्या आदणाचा अर्धा किलो बाजूला काढून हवाबंद बरणीत ठेवावा, वर तारीख टाकून.